फाट्यावरचा अंदाज

नकाराची मेल लिहून तयार होती. पाठवायचं तेवढं राहिलं होतं, आणि उत्कर्षचं बोट काही पुढं सरकत नव्हतं.

"मामांना एकदा विचारा तरी," वैदेही दारातूनच म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"काय विचारू? असल्या दिवसांत?"

दिवस कसले आहेत ते वैदेहीलाही दिसत होतं.

जर्मनीतल्या एका कंपनीनं उत्कर्षला धाराशिवात हुडकून काढलं होतं, ते त्याच्या कामामुळं. ऑपरेटिंग सिस्टीमसोबत एक तपासणीचं साधन येतं. कुठला प्रोग्राम कुठं रेंगाळतो, ते दाखवतं. संगणकाचा नवा प्रोसेसर प्रोग्राममधल्या कुठल्या फाट्यावर आपण कुठं वळलो याची नोंद ठेवू लागला होता, पण ती नोंद वाचायची सोय त्या साधनात नव्हती. ती उत्कर्षनं घातली. देशोदेशीच्या जाणत्यांनी त्याचा कोड चाळणीतून काढला, टोचून बोलले, चार वेळा परत पाठवला आणि अखेर पदरात घेतला. मग तिकडं येऊन नोकरी करायचं बोलावणंच आलं. मुलाखती मधल्या खोलीतच झाल्या. आप्पा तेव्हा बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसलेले असायचे.

आप्पा म्हणजे वसंतराव, उत्कर्षचे वडील. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. उभा जन्म साक्षीपुरावे ऐकण्यात गेला, त्यामुळं स्वतः फार बोलत नसत.

"तू त्या डब्याला दिवसभर शिकवतोस तरी काय रे?" असं त्यांनी एकदा जेवताना विचारलं होतं.

"आप्पा, प्रोग्राममध्ये जागोजागी फाटे असतात. अमुक झालं तर इकडं, न्हाय तर तिकडं. प्रोसेसर उत्तराची वाट बघत थांबत न्हाय. मागं कुठं वळला होता त्यावरनं अंदाज बांधतो आन् पळत सुटतो. चुकला, की केलेलं सगळं टाकून द्यायचं आन् फाट्यावर परत. तो कुठं कुठं चुकतो, ते मी दाखवतो."

"जरा थांबून बघितलं तर?"

"लई हळू चालंल मग."

"आन् अंदाज बरोबर येतो?"

"बहुतेक वेळा येतो."

"बरंय की मग," आप्पा म्हणाले आणि शेंगाचटणी वाढून घेतली.

आप्पांचा अंदाज बांधायला तर प्रोसेसरही लागत नव्हता. उत्कर्षला पुण्यात नोकरी लागली, तेव्हा 'चला' म्हटलं तर 'नको'. थोरल्या लेकीनं लातूरला बोलावलं, 'नको'. आई गेल्यावर विचारण्यातही अर्थ उरला नाही. उत्कर्षच घरून काम करायची परवानगी काढून, वैदेहीला घेऊन धाराशिवला परत आला.

आणि आता उन्हाळा लागल्यापासून आप्पांची लक्षणं काही ठीक दिसेनात.

एक दिवस ते एसटीनं एकटेच सोलापूरला गेले. डोळे दाखवून आलो म्हणाले. चष्मा मात्र जुनाच राहिला, औषधाची बाटलीसुद्धा नाही. मग आईची पितळी भांडी बहिणीच्या, महानंदाआत्याच्या, हवाली केली. "आता ही कोण सांभाळत बसणार?" म्हणाले. त्यानंतर इस्त्रीचा सदरा घालून बाजारात जाऊन फोटो काढून आले. मागं पांढरा पडदा, चेहरा एकदम गंभीर.

फोटो उत्कर्षच्या हाती लागला. ह्या वयात माणूस असा एकट्याचा फोटो कशासाठी काढून ठेवतो, हे न कळण्याइतका तो लहान नव्हता.

"आप्पा, तब्येत बरी हाय ना?"

"मला काय धाड भरली?"

"मग सोलापूरला..."

"वेळ आली की सांगंन की," आप्पा म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

एवढं ऐकल्यावर कुठला मुलगा बापापुढं जर्मनीचा विषय काढेल? उत्कर्षनं डोळे मिटले आणि मेल पाठवून दिली. वैदेहीनं स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

मेल गेली, पण ती जागा त्याच्या मनातून जाईना. आपल्यासारखी माणसं तिथं एका टेबलाला बसतात, आपण जन्मभर एकट्यानं इथंच खुडबुडणार, असं वाटून तो हळहळायचा. मग त्या हळहळण्याचीच लाज वाटायची. बाप इकडं आवराआवर करतोय, आणि आपल्याला नोकरी सुचतीय! त्या दिवसांत तो आप्पांशी जास्तच गोड बोलू लागला. आप्पांनाही ते आवडत असावं. ते मधूनच हसायचे आणि काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखे त्याच्याकडं बघत राहायचे.

शेवटी कंपनीचं उत्तर आलं. जागा दुसऱ्याला दिली, शुभेच्छा. उत्कर्षनं ते वाचलं, लॅपटॉप मिटला आणि तोंडावर पाणी मारायला उठला, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. हवालदार होता.

"वसंतराव कुलकर्णी इथंच राहत्यात का?"

"व्हय. माझे वडील. काय झालं?"

"काय न्हाय. पासपोर्टचा अर्ज केलाय त्यांनी सोलापूरला. घरी येऊन चौकशी करावी लागती."

"कुणी केलाय?"

तोवर आप्पा लगबगीनं बाहेर आले. "या, या साहेब, बसा. वैदेही, चहा टाक गं!"

हवालदार खुर्चीत टेकला. त्यानं आप्पांना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसला. "ह्या वयात कुठं निघालाव, काका?"

आप्पांनी उत्कर्षकडं पाहिलं आणि नव्या नवरदेवासारखे लाजले.

"जर्मनीला. आमचं पोरगं मला विचारायला भितंय, म्हणलं आपणच तयार होऊन बसावं."