बोनला जायचा बेत

मुलांनो, घटकाभर असं समजा, की तुम्ही नऊ वर्षांची फोस्तीन आहात. उंच पाठीच्या खुर्चीत बसला आहात, पाय जमिनीला टेकत नाहीत. रविवारची दुपार आहे, उन्हासाठी खिडक्या ओढून घेतल्या आहेत. समोरची बशी कधीची रिकामी आहे, पण उठायचं नाही. आजोबा चाकू मिटत नाहीत तोवर कुणीच उठायचं नाही.

फोस्तीनच्या घरी तशी रीतच होती. बरगंडी या वाइनच्या मुलखातल्या त्यांच्या डोंगराकडच्या गावात आजोबांच्या वयाची माणसं खिशातल्या चाकूनंच जेवत. घरातल्या वडीलधाऱ्यानं पातं पावाला पुसून चाकू खटकन मिटला, की जेवण संपलं. मग खुर्च्या सरकवायच्या, मग बाहेर पळायचं. फोस्तीन मघापासून त्या चाकूकडेच बघत होती.

मांस झालं, कोशिंबीर झाली, आता चीज चाललं होतं. आणि जवळच्या बोन शहराला जायचा बेत चालला होता.

"जेवण आटोपलं की निघू," आजोबा म्हणाले. "पण मोठ्या रस्त्यानं नाही. द्राक्षमळ्यांमधून जाऊ, पोमार गावावरून."

"तिकडून उशीर होईल, बाबा," फोस्तीनची आई साबीन म्हणाली.

"मोठ्या रस्त्यानं लवकर पोचू," पप्पांनी तिची बाजू घेतली.

"जावईबापू, तुम्ही बोर्दोचे. तुमच्याकडे मळे सपाट, रस्ते सपाट, अन् वाइनही सपाटच. उतारावरचं तुम्हाला काय कळणार?"

"त्या सपाट वाइनची बाटली आत्ता कुणी संपवली, ते सांगू का?"

सगळे हसले. मग बोनच्या प्रसिद्ध जुन्या इस्पितळाचा विषय निघाला. त्याची रंगीत कौलं बाहेरून बघायची की आत जायचं, यावर बराच वेळ गेला. शेजाऱ्यांसाठी मोहरीच्या चटणीची बरणी आणायची होती, ती कुठल्या दुकानातून, यावर त्याहून जास्त गेला. आजोबांनी चाकूचं पातं पावाच्या तुकड्याला पुसलं. फोस्तीन खुर्चीच्या कडेला सरकली.

"गाडी कुठे लावायची, ते आधी ठरवा," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी चीजचा आणखी एक तुकडा कापला.

फोस्तीनला राहवलं नाही. "ओदिलआजी वाट बघत असेल," ती म्हणाली.

आजोबांचा चाकू चीजमध्येच थांबला.

ओदिलआजी म्हणजे आजोबांची बहीण. याच घरात राहायची, यांचं सगळ्यांचं तीच करायची. हिवाळ्यात ती पडली, आणि बरी होईपर्यंत म्हणून तिला बोनच्या वृद्धाश्रमात ठेवलं. आता चेरी पिकल्या तरी ती तिथंच होती. बोनला जायचं ते तिला भेटायला. मागचे दोन रविवारही असंच ठरलं होतं. दोन्ही वेळा जेवण लांबत गेलं, आणि मग कुणीतरी म्हणालं, आता काय उपयोग, तिथं जेवणाची घंटा लवकर होते, पाहुण्यांना थांबू देत नाहीत. मागच्या रविवारी रात्री आजी फोनवर फोस्तीनला म्हणाली होती, "मी पिशवी भरून फाटकाशी बसले होते गं. घंटा झाली, तशी आत गेले."

"मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये," आई म्हणाली, पण तिचा आवाज मऊ होता.

आजोबा बशीकडे बघत होते. "पिशवी घेऊन बसते ती," ते म्हणाले. "तिला वाटतं, मी घरी न्यायलाच येतोय. भेटून निघताना ती पिशवी परत आत कुणी ठेवायची? तू ठेवशील, साबीन?"

आई बोटानं पावाचा चुरा गोळा करत राहिली. पप्पांनी सगळ्यांच्या पेल्यांत थोडी थोडी वाइन ओतली, आपल्या पेल्यात दोनदा.

"पुढच्या रविवारी लवकर जेवायला बसू," शेवटी आई म्हणाली.

"त्यापेक्षा सकाळीच निघू," पप्पा म्हणाले. "म्हणजे पोमारलाही थांबता येईल."

"पोमारला माझा एक जुना दोस्त आहे," आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. "त्याच्या तळघरात जाऊ. पण तो एकदा बोलायला लागला, की सोडत नाही हं."

"मग तुमचा दोस्त शोभतो," पप्पा म्हणाले, आणि बेत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

खिडकीच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी फोस्तीनच्या बशीवरून आईच्या बशीवर गेली होती. चीज संपलं.

"फोस्तीन, टार्ट घेऊन ये," आजोबा म्हणाले. गोड खाल्ल्याशिवाय ते काही चाकू मिटणार नव्हते.

ती खुर्चीवरून खाली उतरली. स्वयंपाकघरात चेरींचा टार्ट थंड होत ठेवला होता, अजून न कापलेला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला. एक दार जेवणाच्या खोलीत जात होतं. तिथून आजोबांचा आवाज येत होता, गाडी इस्पितळाच्या मागेच लावायची, पुढे जागा मिळत नाही. दुसरं दार अंगणात उघडत होतं.

फोस्तीननं अंगणाचं दार कोपरानं ढकललं.

अक्रोडाच्या झाडाखाली गाडी उभी होती. तिनं टार्ट गाडीच्या टपावर ठेवला, मागचं दार उघडलं, आत जाऊन बसली, आणि हात वर करून टार्ट खाली घेतला. गाडी उन्हानं तापली होती. घरातून आईनं हाक मारली. मग आजोबांनी मारली, जरा मोठ्यानं.

फोस्तीननं टार्ट मांडीवर नीट ठेवला आणि गाडीचा पट्टा बांधून घेतला.