बिनआवाजाचा लॅपटॉप

एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्यावर धाकटीने नवा लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. घरात ताईचा होता आणि तो चांगला चालतही होता. पण ताई अचानक देवाघरी गेल्यापासून धाकटी त्यावर टाइप करायला बसली, की आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची आणि तशीच परत जायची. ती खटखट आईच्या काळजावर पडते, हे धाकटीने न सांगता ओळखलं होतं.

दुकानात ती एकेका कीबोर्डवर बोटं आपटून कान देऊन ऐकत राहिली.

"मॅडम, लॅपटॉप घेताय की तबला?" विक्रेता हसला. "निदान मेमरी किती ते तरी विचारा!"

"मेमरी असू दे हो कितीही. आवाज नको."

सोबत आलेल्या बाबांना कारण कळलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीचं दार लोटून ती कामाला बसली. बोटं भराभर चालत होती आणि आवाज म्हणून नव्हता. ती मनातून सुखावली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. साबणाने भरलेल्या हातांनीच आईने तिचे खांदे गच्च धरले आणि तिचा चेहरा चाचपला.

"अगं, काय झालं आई?"



"खटखट ऐकूच येईना गं. त्या दुपारी ताईची थांबली, तेव्हा मला वाटलं, डोळा लागला असेल पोरीचा."