थोरली की धाकटी

केना या रानभाजीच्या कुळातली ती दोन निळी फुलं म्हणजे सख्ख्या बहिणी. पाकळ्यांखाली सगळीकडे लव असली तर थोरली, नुसती टोकाला असली तर धाकटी.

"धाकटी आहे," ती म्हणायची.

तिचा प्रयोगशाळेतला नवा सहकारी हेका सोडायचा नाही. "थोरलीच."

भिंगातून बघेबघेपर्यंत दुपार व्हायची आणि फुलाचं पाणी. "उद्या सकाळी पुन्हा बघू," तो म्हणायचा. असा अख्खा मोसम गेला आणि तिचं त्याच्याशीच लग्न झालं.

निवृत्तीच्या दिवशी कपाट आवरताना तिला त्या पहिल्या सकाळचं फूल सापडलं, कागदावर चिकटवलेलं. खाली नवऱ्याच्या अक्षरात त्याच दिवसाची तारीख होती आणि नाव धाकटीचं.

घरी येऊन ती म्हणाली, "मला अजूनही वाटतं, ती धाकटीच होती."

पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला, "उद्या सकाळी बघू."