मंगळावरून हजर

“बाई, मी उद्यापासून वर्गाला बसणार नाही. माझं हसू तुमच्यापर्यंत पोचतं तेव्हा वर्ग सुटलेला असतो,” असा ईशानीचा निरोप काल मंगळावरून आला होता. पृथ्वीवरचा शब्द तिथं जाऊन उत्तर परत यायला अर्धा तास लागायचा.

म्हणून आज मिठबावकर बाईंनी ऑनलाइन तासाच्या सुरुवातीलाच तिला एक प्रश्न पाठवला आणि मग सावकाश शिकवायला घेतलं. हवेत प्रकाश कसा विखुरतो, मावळतीचं आकाश तांबडं का दिसतं. पडद्यावरचे चेहरे हळूहळू पेंगू लागले.

“म्हणजे सूर्यास्त सगळीकडे तांबडाच?” निहारनं जांभई देत विचारलं.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. प्रश्न पाठवून अर्धा तास होत आला होता.

“बाई, इथला सूर्यास्त निळा असतो,” ईशानीचा आवाज आला. “आत्ता खिडकीतून बघतेय. सूर्याभोवती सगळं निळं झालंय.”

सगळे चेहरे एकदम वर आले.

“थापा मारतेस,” निहार म्हणाला. “फोटो पाठव बघू.”

तास संपला, बाईंनी निरोपही घेतला, पण वर्गातून कुणीच बाहेर पडलं नाही. निहारची आई त्याला जेवायला हाका मारत होती.

“थांब गं आई,” तो म्हणाला, “ईशानी येतेय.”