मागून चालणारी

महागू नातीला बालाघाटचा गुजरी बाजार दाखवत पुढे चालला होता. लालबर्राकडच्या बैलगाड्या कुठे सुटायच्या, धानाची पहिली अडत कुठे होती, सारं त्याला तोंडपाठ. आम्रपालीला मात्र आजी जिथं बांगड्या भरायची ते दुकान हवं होतं. लग्नाचा चुडा तिथूनच भरायचा, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"कोणती दुकान व्हय, आजोबा?"

महागू घुटमळला. त्याची बायको गोदाबाई, होती तोवर, रीतीप्रमाणे मागून चालायची. बाजाराच्या याच गोष्टी त्यानं तिला जन्मभर सांगितल्या. तिनं कधी मधे तोंड घातलं नाही.

शेवटी आम्रपालीनंच विचारत विचारत एक म्हातारी कासारीण शोधून काढली.

"गोदाबाई? इथंच तर बसे माह्यापाशी. मी म्हणो, तुया नवरा एकटाच बोलत चालला, जाय ना. तर म्हणे, बोलू दे त्यायले. त्यायनं मागं वळून पाह्यलं का पळत जाईन."

"मंग, आजीले लय पळा लागे का?" आम्रपाली हसली.

कासारणीनं तिचा हात हातात घेऊन बांगडीचं माप पाहिलं.

"नाही वं, पोरी. एकदाही नाही."