अक्रोडाखालचा दगड

१९४५च्या एप्रिलमध्ये याच दोन कप्तानांनी, एक रशियन आणि एक अमेरिकन, एल्बे नदीच्या काठावर एकमेकांना मिठ्या मारल्या होत्या. जुलैत ते आमच्या गवतात दगड शोधत होते. याला त्याची भाषा येईना, त्याला याची. म्हणून भांडायचे ते हरलेल्यांच्या, म्हणजे आमच्याच, जर्मनमध्ये.

दोन जुन्या संस्थानांच्या शिवेचा दगड सापडला की तिथून युरोप कापायचा, असं वरून ठरून आलेलं. पूर्वेकडचं रशियाचं, पश्चिमेकडचं अमेरिकेचं. पण दगड केव्हाच मातीत गेला होता. मग ट्राउगॉट म्हाताऱ्याला बोलावलं. आमच्या गावात शीव फिरताना प्रत्येक दगडापाशी पोरांच्या कानाखाली वाजवतात. मार लागला की जागा मरेपर्यंत लक्षात राहते.

"नासपतीखाली," ट्राउगॉट म्हणाला. "सात वर्षांचा होतो. आज्यानं अशी ठेवून दिली, हा डावा कान गेला तो गेलाच."

धडधडीत खोटं. दगड अलीकडे, पश्चिमेला होता, अक्रोडाखाली. दोन झाडांच्या मधे त्याच्या लेकीचं, गेर्लिंडचं घर. अक्रोड धरला तर ती रशियनांकडे जाणार, आणि त्यांचे शिपाई बायकांचं काय करतात ते शेजारच्या गावाकडून कळलेलं होतं.

अमेरिकन खूश झाला. रशियनाचं तोंड वाकडं.

"या जर्मनाचं ऐकतोस? तीन महिन्यांपूर्वी मला भाऊ म्हणत होतास."

"भावांच्याच तर वाटण्या होतात," अमेरिकन म्हणाला.

रशियनानं दुसरा साक्षीदार मागितला. त्या दिवशी ट्राउगॉटबरोबर मार खाल्लेला एकच माणूस जिवंत होता, कोनराड. मागच्या महायुद्धात जखमी ट्राउगॉटला पाठीवर घालून यानंच परत आणलं होतं. त्याला येताना बघून ट्राउगॉटचा जीव भांड्यात पडला.

कोनराडचं घर पूर्वेला, नासपतीच्याही पलीकडे. पण कुरण त्या दोन झाडांच्या मधे. नासपती धरली की कुरण अमेरिकेत. तो गवताकडे बघत राहिला, ट्राउगॉटकडे काही बघेना.

"अक्रोडाखाली खणा," तो म्हणाला.

फावडं दगडावर वाजलं.

"कोनराड, माझी पोर आहे रे तिथं."

"आणि माझ्या गाई काय खातील? तुझी थाप?"

कप्तानांनी हात मिळवले, एकाच बाटलीतून घोट घेतले. शिपायांनी दगडापासून दोरी ओढली. ओलांडेल त्याला गोळी, रशियनानं सांगून टाकलं.

गेर्लिंडची लहानगी उर्सेल पलीकडून, रशियनांच्या बाजूनं, दोरीपाशी पळत आली. "आजोबा, चला ना, आईनं सूप वाढलंय."

ट्राउगॉटनं दोरीवरून हात घालून तिच्या कानाखाली खाडकन वाजवली. पोर रडायचंही विसरली.

"दगड विसरलीस तरी चालेल," कोनराडकडे बोट दाखवत तो म्हणाला. "हे तोंड विसरू नकोस."