कावळ्याला दिलेला शब्द

"दादा, कावळा शिवेना," भावाने फोनवर घाट दाखवला. आईचा दहावा होता. तिकडे दुपारचे तीन वाजलेले, सगळे सकाळपासून उपाशी. इकडे सांतियागोत मी नुकता चहा टाकला होता.

"आम्ही सगळ्यांनी बोलून पाहिलं. तिचा जीव तुझ्यात अडकलाय. परत येतो म्हण."

त्याने फोन पिंडाजवळ धरला.

"येतो आई. चिली सोडून कायमचा येतो."

कुठूनसा कावळा आला, चोच मारून उडाला. तिकडे रडारड झाली. मला काहीच झालं नाही. मी चहा गाळला.

दहा वाजता इथल्या नागरिकत्वाचं पत्र घ्यायला जायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर निघालो. वाटेत विजेच्या तारांकडे पाहिलं. अकरा वर्षांत या देशात मला एकही कावळा दिसलेला नाही.